अडीच बोटं फोम

प्रिय टिल्लू,

ताईला फोन करायचं सोडून पत्र लिहायचं कुठून सुचलं, असं म्हणत तू पाकीट उलटंपालटं करून बघितलं असशील. अरे, फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊच देत नाहीस. तिसऱ्या वाक्याला तुझ्या दुकानात हमखास गिऱ्हाईक येतं आणि घड्याळ उघडून दाखवायला लागतं. पत्रात गिऱ्हाईक येत नाही. तेव्हा दुकानाचं दार ओढून घे, ते डोळ्याचं भिंग काढून ठेव, साधा चष्मा लाव आणि सरळ पहिल्यापासून वाच. आधी शेवटचं पान बघायचं नाही, तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

तू माझ्यावर एक काम सोपवलं होतंस. पोरीच्या डोक्यात डर्ट बाइकचं खूळ शिरलंय, ते काढ. माझ्याकडे राहून शिकते आहे, आत्याचं ऐकते, असं तुझं म्हणणं. ती माझं ऐकते हे तुला कोणी सांगितलं देव जाणे, कारण या घरात मीच तिचं ऐकते. पण मी हो म्हटलं. तू म्हणालास, ‘आपल्या रक्तातच तोल नाही ताई, माझं काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलंस, तिला तेवढंच सांग.’ मी सांगितलं. भिंगरीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा हो म्हणेपर्यंत मी गाडी घेणार नाही, शब्द देते, पण बघायला काय हरकत आहे? पोरांना पोहायला शिकवून तिने दोन वर्षं पैसे साठवलेत. बघायला हरकत नाही, असं मलाही वाटलं. आणि बघता बघता तिचं खूळ निघायचं राहिलं बाजूला, तुझ्या बहिणीलाच ते लागलं!

आम्ही आधी मोठ्या दुकानात गेलो. तिथे एक लाल गाडी होती, अडीचशे सीसीची, टू स्ट्रोक. भिंगरी तिच्याकडे अशी बघत होती की मीच लाजले. माझं म्हणशील तर मला नुसते प्रश्न पडत होते. हिला दिवा का नाही? आरसा का नाही? पुढचा मडगार्ड चाकापासून इतका वर कशाला टांगलाय? पेट्रोलमध्ये ऑइल का मिसळायचं? दुकानदाराने आधी हौसेने सांगितलं, की ही रस्त्यावरची गाडीच नव्हे, माती-दगडांत फिरायची, म्हणून दिवा नाही. चाकाला चिखलाची ढेकळं चिकटतात, ती अडकू नयेत म्हणून मडगार्ड वर. सातव्या-आठव्या प्रश्नाला त्याने विचारलं, गाडी नक्की कोणाला घ्यायची आहे? भिंगरीने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

तो म्हणत होता, लहान गाडी घ्याल तर वर्षभरात कंटाळाल, एकदाच काय ती मोठी घ्या. मी पर्समधून टेप काढली. तुला माहीतच आहे, पंचवीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवते आहे, माणूस दिसला की आधी मला त्याचं माप दिसतं. जमिनीपासून सीट सदतीस इंच. भिंगरीचा पाय जांघेपासून टाचेपर्यंत साडेअठ्ठावीस. बुटकेपणा तिने आपल्याकडूनच उचललाय, बिचारीचा काय दोष! म्हणजे साडेआठ इंच हवा. दुकानदार म्हणाला, माणूस बसला की गाडी तीन-चार बोटं खाली दबते, बाकीची सवय होते. हवेवर उभं राहायची सवय कशी करायची, ते काही त्याने सांगितलं नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, म्हटलं, आणि पोरीला ओढून बाहेर आणलं.

मग कोणीतरी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा पत्ता दिला. गावाबाहेर पत्र्याची शेड, मागे वाळूचं मैदान. माणूस एकदम तऱ्हेवाईक. गाडी दाखवा म्हटलं, तर त्याने एक निळी, जुनी, सव्वाशे सीसीची गाडी आणली आणि आमच्यासमोर वाळूत आडवी पाडली. म्हणाला, आधी उचल. जी गाडी एकट्याने उचलता येत नाही ती आपली नाही, मग रंग कुठलाही असो. भिंगरीने आधी हँडल धरून ओढली, हलेना. मग त्याने दाखवलं, गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं आणि पायांनी रेटायचं. दुसऱ्या खेपेला उचलली की रे तिने! नव्वद किलोचं धूड! मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, आता तुम्ही. मी कसली उचलते! तरीपण गुडघ्यापर्यंत वर आणली हो, आणि मग दोन दिवस कंबर धरून फिरत होते.

त्या माणसाने मला एकाही प्रश्नाला झिडकारलं नाही. म्हणाला, नवीन माणसाने इंजिन किती मोठं ते शेवटी विचारावं. आधी वजन, मग उंची. गियर टाकताना गाडी सारखी बंद पडणार, म्हणून किक मारायची नको, बटणाची असलेली बरी. आणि एक गोष्ट त्याने सांगितली ती माझ्या डोक्यातून जाईना. नवशिका जोरात पळताना पडत नाही, म्हणाला, तो थांबताना पडतो. चढावर मध्येच इंजिन बंद पडतं, माणूस पाय टाकतो, पायाला जमीन मिळत नाही, खेळ खलास.

टिल्लू, मला काय आठवलं असेल ते तुला सांगायला नको. खाणीमागचं ते टेकाड. तू तेविसाचा, मी सत्तावीसची. पहिल्यांदाच मी तुला गाडी चढवताना बघायला आले होते आणि खाली उभी होते. अर्ध्या चढावर तुझं इंजिन बंद पडलं, तू डावा पाय टाकलास आणि गाडीसकट कलंडलास. गुडघा गाडीखाली. मी पळत वर आले तेव्हा तू दात-ओठ खात म्हणालास, ‘तोल गेला गं.’ दवाखान्यात तेच, आईला तेच, आणि बाबांनाही तेच. बाबा म्हणाले, याला धड उभं राहता येत नाही आणि निघाला टेकड्या चढायला. ते वाक्य त्यांनी पुढे किती वर्षं वापरलं! पाहुण्यांसमोर, तुझ्या लग्नात, भिंगरीच्या बारशातसुद्धा. तू मूग गिळून बसायचास. गाडी भंगारात गेली, तू घड्याळांकडे वळलास, आणि थंडी पडली की अजून लंगडतोस.

गाडीची सीट तेवढी मी ठेवून घेतली होती. माझं पहिलंवहिलं स्वतंत्र काम होतं ना ते. तुझ्या वाढदिवसाला तुला न सांगता, तू बाहेर गेला होतास तेव्हा सीट काढून मी शिकत होते त्या उस्तादांच्या कारखान्यात नेली. कव्हर फाटलेलं, मधे हा एवढा खड्डा. उस्तादांनी शिकवलेलंच होतं, सीटला खड्डा दिसला की भरायचा, गिऱ्हाईकाला बसल्यावर बादशहा वाटलं पाहिजे. मी जुन्या फोमवर अडीच बोटं नवा फोम चिकटवला, वर काळं रेक्झीन, शिवणीवर लाल पायपिंग, मागे तुझं नाव. सीट हातात घेऊन तू क्षणभर बघतच राहिलास. मला वाटलं, भारावलास. मग म्हणालास, ‘ताई, फर्स्ट क्लास!’ दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वतः मला म्हणालास, टेकाडावर गाडी चढवतो, बघायला चल.

भंगारातून वाचवलेल्या त्या सीटला मी चार पाय लावले. गेली बावीस वर्षं मशीनपुढे मी त्याच स्टुलावर बसते. तू आलास की दारातल्या खुर्चीवर बसतोस, त्याच्यावर कधीच नाही. पाचेक वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, फोम बसलाय, बदलून टाकते, तर तू उगाच चिडलास. चांगलं आहे, कशाला उसवतेस, म्हणालास. मला वाटलं, आठवण म्हणून म्हणत असेल.

आता ऐक. मिस्त्रीने मलाही निळ्या गाडीवर बसवलं. दोन्ही पायांचे चवडे टेकले! पहिल्या गियरमध्ये वीस पावलं गेले, थांबायचं कसं ते विसरले आणि टायरांच्या ढिगात शिरले. हसून हसून पोट दुखलं. या वयात, अरे! तुला त्या वेळी काय वाटत असेल ते मला त्या वीस पावलांत कळलं, आणि आम्ही हे तुला पुन्हा कधी करू दिलं नाही, असं वाटून वाईटही वाटलं. भिंगरीने मात्र लाल गाडी अजून मनातून काढली नव्हती. परत निघताना लाडात येऊन म्हणाली, आत्या, तू एवढी सीटवाली, लाल गाडीची सीट कापून बुटकी करून दे ना! मी हसणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, करतात की. बुटकी माणसं कव्हर काढतात, पाव कापायच्या सुरीने मधला फोम दोन इंच कोरतात, पाय टेकायला लागतात. फक्त दिसायला वाईट दिसतं. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, सीट झिजून खड्डा पडलाय.

मी तिथेच टायरांच्या ढिगावर बसले. भिंगरीला वाटलं, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर मी माझ्या कारखान्याचं दार लावलं आणि स्टूल उलटं केलं. पिना उपटल्या, रेक्झीन काढलं, माझा फोम सोलून काढला. खालच्या फोमवर सुरीचे वेडेवाकडे घाव. झिजलेला फोम गुळगुळीत असतो रे, मला हे त्या वेळीसुद्धा कळायला हवं होतं. पण मला खड्डा दिसला की भरायची घाई. तरी मी म्हटलं, आधीच्या मालकाने कापला असेल, टिल्लूला काय माहीत. मग तो फोमही बेसवरून सोडवला. वाढदिवसाला सीट शिवताना काही मी तो सोडवला नव्हता. आणि त्याच्या पोटाला, निळ्या बॉलपेनने, तुझ्या अक्षरात लिहिलेलं सापडलं. तुझी ती सवय! बल्ब बदललास तरी त्यावर तारीख टाकायचास, आता घड्याळांच्या झाकणाआड टाकतोस. वाढदिवसाच्या बरोबर नऊ दिवस आधीची तारीख, आणि खाली, ‘दोन इंच कापला. दोन्ही पाय टेकतात!’ उद्गारचिन्हासकट.

म्हणजे तुला माहीत होतं. सीट हातात घेतलीस तेव्हाच कळलं होतं. एका शब्दाने म्हणाला असतास, ताई, उंच झाली गं, तर मी तासाभरात उसवून दिली असती. तू तसाच चढलास, कारण मी खाली कौतुकाने उभी होते. आणि नंतर बावीस वर्षं बाबांची बोलणी खाल्लीस, पण माझं नाव घेतलं नाहीस. मूर्खा, इतकं कोणी करतं का? मी खूप रडले. तुझा रागही आला. अजून आहे. मला माफ कर, हे आधी लिहायला हवं होतं, पण ते लिहायला मला इथवर यावं लागलं.

पण हे पत्र माफीसाठी नाही. तू माझ्यासाठी जे खोटं बोललास ते आता तुझ्या पोरीच्या पायात येतंय. आपल्या रक्तात तोल नाही, असं तिला वाटायला लागलंय, परवा मिस्त्रीकडे टायरांना अडखळली तर तेच म्हणाली. मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ते तू सांग. तिने स्वतःहून लाल गाडी सोडली आहे, निळी पसंत केली आहे, जी तिला उचलता येते, जिच्यावरून तिचे पाय पोचतात. अडलंय ते तुझ्या एका होकारावर. मिस्त्री येत्या रविवारपर्यंत गाडी दुसऱ्या कोणाला देणार नाही. हो म्हणायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण खरं कारण धरून ठरव. रविवारी सकाळी ये. माझा फोम मी फेकून दिलाय. तुझा फोम तसाच ठेवून, खड्ड्यासकट, वर नवं रेक्झीन चढवलंय आणि सीट स्टुलावरून सोडवून ठेवली आहे. मिस्त्रीकडे तुझ्या गाडीसारखीच एक जुनी, बंद पडलेली गाडी आहे, तिच्यावर ही सीट बसते, मी मोजून आले. चालवू नकोस हवं तर. नुसता बस. तुझे दोन्ही पाय टेकलेले मला एकदा बघायचे आहेत.

खड्डा दिसला तरी आता आधी विचारणारी,
तुझीच,
ताई