सेनिसो मान वळवतो

३० ऑक्टोबर, सकाळी
मंडळाचा निर्णय झाला. परंपरा दिनाच्या मिरवणुकीत झेंडा घेऊन सर्वांत पुढे मी, माझ्या सेनिसोवर. डॉन फेर्मिन म्हणाले म्हणे, घोडा देखणा आहे, एवारिस्तोलाच द्या. घोडा कोणामुळे देखणा आहे ते सांगायचं राहिलं असणार. वय झालं.
संकल्प: रोज रपेट. रोज तासभर खरारा. दुपारची झोप बंद.

३१ ऑक्टोबर
झोप बंद म्हणजे घरातली. रपेटीनंतर कुरणातल्या ओंबूच्या झाडाखाली खोगीर उतरवून अंथरलं. तळाशी कांबळं, मध्ये चामडं, वर मेंढीचं कातडं. आजोबा जन्मभर असेच झोपले. त्यामुळे ही झोप नव्हे, परंपरा. अडीच तास.

१ नोव्हेंबर
परंपरा. तीन तास. उद्यापासून कांबळं झटकूनच घोड्यावर घालायचं.

२ नोव्हेंबर
पाठीवर ब्रश गेला की सेनिसोची कातडी थरथरते. माशी बसल्यासारखी. माशी नव्हती. आनंद असावा. घोडं मला पुस्तकासारखं वाचता येतं.

३ नोव्हेंबर
नेलिदा खरारा बघायला आली. संसार सोडून नको तिथे लक्ष. म्हणाली, अरे, कान मागे पाडतोय तो. मी म्हटलं, माझं ऐकतोय. म्हणाली, पस्तीस वर्षं तुझ्याबरोबर काढलीत, न ऐकणारा मला लांबूनही ओळखू येतो.

५ नोव्हेंबर
आज शेपटी फटकारली. हनुवटी आवळली. डोळ्यावर सुरकुती. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. चावला नाही, नुसतं बघितलं. कसंतरीच झालं. ब्रश कडक असणार. मऊ आणला. प्रॉब्लेम संपला.

६ नोव्हेंबर
मऊ ब्रशलाही एक पाऊल बाजूला सरकला. शेजारणीची नजर लागली, दुसरं काय! आयाळीत तांबडी रिबन बांधली. नेलिदा म्हणाली, तिच्या नजरेचं राहू दे, तुझी तपासून घे.

७ नोव्हेंबर
डॉन फेर्मिन आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पाचशे घोडी माणसाळवलेली. सेनिसोच्या पाठीवर सावकाश तळवा फिरवला. म्हणाले, श्वास रोखतोय बघ पोरा. खोगिराखाली बघितलंस का? मी म्हटलं, रोज झटकतो. (झटकायचं ठरवलं होतं, हे खरंच आहे.) म्हणाले, मग मिरवणुकीआधी नीट बघ. मत्सर! या वयात!
तरी जेवण गेलं नाही. मांस भाजलेलं तसंच राहिलं. उद्या बघतोच.

८ नोव्हेंबर
बघायचं राहिलं. एका हातात झेंडा धरून दौडीची प्रॅक्टिस. खोगिराचा तंग आवळताना सेनिसोने मागचा पाय उचलला. दटावला. दटावायला नको होतं. सफरचंद पुढे केलं. त्याने तोंड फिरवलं.

९ नोव्हेंबर, दुपारी
भयंकर उकाडा. मेंढीच्या कातड्यावर घाम येतो, म्हणून शर्ट काढला आणि तळाचं कांबळं उलटं अंथरून त्यावर आडवा झालो. बोंबलत उठलो.
सराटे. लोकरीत रुतून बसलेले. मोजले, सात. ओंबूखालचेच. नऊ दिवस कांबळं रोज जमिनीवर मीच टाकलं आणि न झटकता त्याच्या पाठीवर मीच घातलं. वर मी. माझं वजन लिहीत नाही.
त्याच्या पाठीवरचे केस बाजूला केले. सुजलेलं, दोन ठिकाणी रक्त. त्या काट्यांवर मी अर्धं मिनिट टिकलो नाही. तो रोज सांगत होता, कातडीने, कानाने, शेपटीने, आणि मी त्याला रिबन बांधली. लाज वाटते. रडलोसुद्धा.
नेलिदाने मिठाच्या पाण्याने त्याची पाठ धुतली, मग माझ्या पाठीतला काटा काढला. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

१० नोव्हेंबर, परंपरा दिन
पाय मुरगळला असं मंडळाला सांगायचं ठरवून गेलो होतो. समोर डॉन फेर्मिन बसलेले. तोंडातून खरं निघालं. मंडळाने झेंडा गावातल्या बेनितेसच्या सुनेला दिला.
मिरवणुकीला थांबलो नाही. थेट कुरणात आलो. खोगीर नाही, तंग नाही, सेनिसो मोकळा चरत होता. माझी चाहूल लागली तसा चरायचा थांबला. मान वळवून बघितलं आणि श्वास रोखून धरला.
माझे दोन्ही हात रिकामे होते.