घरच्या बर्फावरचं नशीब

प्रिय बाबा,

आईला आधी सांगा, माझे सगळे दात शाबूत आहेत आणि तिने करून दिलेल्या, सारण भरलेल्या पिरोगी कधीच संपल्या. तिचा गुडघा कसा आहे?

माझं बरं चाललंय. आइस हॉकीच्या या मोसमात घरच्या मैदानावर गोलात उभा राहून शंभरातले ब्याण्णव फटके अडवतो. बाहेरगावी मात्र अठ्ठ्याऐंशीच. संघाचा आकडेवारी-तज्ज्ञ म्हणतो, "टारस, हे निव्वळ नशीब. होईल हळूहळू दोन्हीकडे सारखं."

पण नशीब घरच्याच बर्फावर कसं येतं? शनिवारी मी मनात मोजत गेलो. चोवीस फटके अडवले होते, फलकावर मात्र माझ्या नावावर एकतीस.

आमच्या मैदानावर फटके मोजायला कोण बसतं, ठाऊक आहे? तुमच्याबरोबर गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला यायचे, ते वॉल्टर काका. चकती नुसती घरंगळत आली तरी ते फटका लिहितात, आणि मी अडवलेल्यांची टक्केवारी फुगते. विचारलं तर म्हणाले, "तू अडव रे. मोजायचं माझ्यावर सोड."

बाबा, खरं सांगा, तुम्ही त्यांच्या कानावर काही घातलंत का? घातलं असेल, तर मला ते मुळीच आवडलेलं नाही.

फक्त त्यांना इतक्यात थांबवू नका. माझ्या नव्या करारावर अजून सही व्हायचीय.

तुमचाच,
टारस