कोळीवाड्याची शुद्ध यादी

बुधवार, ५ नोव्हेंबर १९८६
दिवाळी संपली. आजपासून रोज लिहायचं, कारण माझा अनुभव वाया जातोय. कॉम्प्युटर क्षेत्रात अडीच वर्षं झाली. त्यातलं एक कोर्सचं आणि सहा महिने कंपनीचं मशीन यायची वाट बघण्यात गेले, पण वाट बघण्यातूनही माणूस शिकतोच. रोज एक टिप लिहायची. फक्त स्वतःसाठी. पुढे कुणी फारच आग्रह केला तर छापू.
टिप १: एसी रूममध्ये जाताना चपला बाहेर काढाव्यात. धुळीने फ्लॉपी जाते. प्रोग्रामरची पहिली शिस्त पायात असते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
मोठं काम आलं. रामनाथ साहेबांनी (मालक, अंधेरी ईस्टला ऑफिस, एक कॉम्प्युटर, आठ खुर्च्या) केबिनमध्ये बोलावून सांगितलं. समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात नवं मच्छी मार्केट बांधून तयार आहे. आत २१४ ओटे. मासळी विकणाऱ्या २१४ बायकांचे फॉर्म आलेत. त्यांची पक्की यादी कॉम्प्युटरवर करून द्यायची. २३ तारखेला रविवारी मार्केटमध्ये सभा. ज्या बाईचं नाव यादीत तिला ओटा. जिचं नाही तिची जागा गेली, उरलेले ओटे बाहेरच्या व्यापाऱ्यांना. काम नीट झालं तर मला सिस्टिम्स मॅनेजर करणार, लाकडी पार्टिशनसकट.
हो म्हणालो. हे सांगितलं नाही की तो कोळीवाडा माझाच आहे. जुन्या बाजारात दाराजवळची पहिली जागा माझ्या आईची, चाळीस वर्षं. गावात मी हरेश्वर, ऑफिसात हरीश. गाव विचारलं तर रत्नागिरी साइड म्हणतो. खोटं नाही, समुद्र तोच आहे. शिवाय आता दिंडोशीला राहतो, म्हणजे सगळ्या अर्थाने बाहेर पडलोय.

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी
आई आली. डब्यात बोंबील. नलिनीशी (माझी बायको) अर्धा तास कुजबुज, मग माझ्याकडे वळली. तुझ्याच हापिसात यादी हाय ना रं, माझा नाव बरोबर पडला का तेवरा बघ, म्हणाली. मी समजावलं की कॉम्प्युटरसमोर आई-मावशी चालत नाही, सगळे सारखे. आणि मार्केटात कुणाला सांगू नकोस की मुलगा तिथे आहे. उगाच वशिल्याचा संशय.
ती म्हणाली, बरा. पण कोन कोनाच्या बाजूला बसते ता नीट लिव, आमचा सगला त्याच्यावरच चालते. मी हसलो. तिला काय सांगणार.
नलिनी म्हणाली, हसायला काय झालं? नलिनी माझ्यावर हल्ली चिडलेली असते. मॅनेजर झालो की सुधारेल.

सोमवार, १० नोव्हेंबर
सुलक्षणाने टायपिंग सुरू केलं. सुलक्षणा म्हणजे आमची डेटा एंट्री ऑपरेटर, मुलुंडहून येते, बोलायला फटकळ. तिने फॉर्म हातात घेऊन विचारलं की सर, प्रत्येक फॉर्मला एकेक नंबर देऊया ना, नंतर घोळ नको. मी नाही म्हटलं. बाईला नंबर देणं अमानुष आहे. बाईची ओळख म्हणजे तिचं नाव.
फॉर्मवर 'सध्याची जागा' नावाचा रकाना आहे. त्यात काय वाट्टेल ते भरलंय: 'सगुणाच्या डाव्या हाताला', 'बर्फाच्या पेटीसमोर', 'सासू बसायची तिथे'. वीस अक्षरांत मावत नाही. रकानाच काढून टाकला.
टिप ४: जी माहिती मावत नाही ती अनावश्यक असते. (टिप २ आणि ३ राहिल्या. डोक्यात आहेत.)

बुधवार, १२ नोव्हेंबर
२१४ नावं चढली. सुलक्षणाने पैज लावून वेळेआधी संपवलं. तिला म्हटलं, तुझी नोंद घेतली जाईल. ती म्हणाली, कुठे?

गुरुवार, १३ नोव्हेंबर, सकाळी ११
शोध लागला! नावं अक्षरानुसार लावून बघितली तर तीच तीच. रुक्मिणी हरेश्वर कोळी तीनदा. विमला काशीराम कोळी तीनदा. कृष्णाबाई धोंडिराम कोळी दोनदा. म्हणजे बायांनी दोन-दोन फॉर्म भरलेत! आपलीच माणसं, पण लबाडी ती लबाडी.
सुलक्षणाचं मत: वेगळ्या बाया असतील सर, वय बघा, एकीचं ३८ आणि एकीचं ६१. मी म्हटलं, बायका वय खरं सांगतात का? पत्ता बघ. पत्ता सगळ्यांचा एकच, कोळीवाडा. तिने फॉर्म खाली ठेवला. मुद्दा पटला असावा.
खरं तर माझ्या शाळेच्या वर्गात चार धोंडिराम होते. आजोबाचं नाव नातवाला, घरोघरी तेच. पण ती मुलांची गोष्ट. इथे प्रश्न डेटाचा आहे.

दुपारी ३
जादा नावं काढली. मशीनमध्ये खोडलेलं नाव लगेच जात नाही, नुसती खूण पडते. मग 'पॅक' अशी आज्ञा दिली की कायमचं जातं. सुलक्षणा म्हणाली, पॅक नंतर करू, आधी कुणाला तरी विचारू. मी पॅक केलं. निर्णय घेणारा आणि टाइप करणारा यांत हाच फरक असतो.
३१ जादा होती. उरल्या १८३. यादी शुद्ध.
कृष्णाबाई धोंडिराम कोळी आहे का ते तेवढं बघून घेतलं. आहे. आईचं काम झालं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
टिप ७: बॅकअपला आळस करू नये. ताबडतोब शुद्ध यादीची कॉपी जुन्या बॅकअपच्या फ्लॉपीवरच घेतली. नवी फ्लॉपी वाया घालवली नाही.
कागदी फॉर्म रद्दीवाल्याला दिले. टेबल कसं मोकळं दिसतं! भविष्यात ऑफिसात कागदच नसेल, असं रामनाथ साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, छान.

शनिवार, १५ नोव्हेंबर
मार्केटचे साहेब, ज्यांनी हे काम दिलं, ते स्वतः येऊन गेले. ३१ ओटे वाचले म्हणून खूश. व्यापाऱ्यांची रांग लागलीय म्हणे. रामनाथ साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सुताराने पार्टिशनचं माप घेतलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
यादी बाजारात चिकटवली. हरकती शनिवारपर्यंत. हरकत कशाला येईल?

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी १०.४०
वाट लागली.
तीसेक बायका ऑफिसात. पुढे सगुणाबाई, मासळी विकणाऱ्या बायकांच्या सोसायटीच्या अध्यक्षा. मला लहानपणापासून ओळखतात, म्हणून मी एसी रूममध्ये टेबलाखाली जाऊन केबल तपासली. केबल व्यवस्थित होती. तरी तपासत राहिलो.
बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. सगुणाबाई ओरडत होत्या की आमच्या एकतीस बाया मेल्या काय, कोन तो दीडशहाना त्याला बोलवा भायेर. रामनाथ साहेब सांगत होते, आमचे हरीश साहेब फार अनुभवी आहेत. मग आईचा आवाज. ती ओरडत नव्हती. विचारत होती, यादीत कृष्णाबाई हाय ती माझी सून लागते नात्याने, शेवटच्या रांगेतली, गटाराच्या बाजूची. वय अडतीस लिवलंय. मी कुठे हाय?
नंतर सगळ्या निघून गेल्या.

१२.१५
सुलक्षणाने सांगितलं ते लिहून ठेवतो. त्या म्हाताऱ्या बाई एसी रूमच्या दाराशी आल्या. तिथे माझ्या चपला होत्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग वाकून दोन्ही चपला नीट जोडीने लावल्या आणि बाकीच्यांना म्हणाल्या, चला गं, सायेब आत नाय.
सुलक्षणाने विचारलं, ओळखीच्या का सर? मी म्हटलं, नाही.
टिप: ग्राहकाच्या भावनांमध्ये गुंतू नये.

बुधवार, १९ नोव्हेंबर
घाबरण्याचं कारण नाही. प्लॅन: गेलेली ३१ नावं परत घालायची.
अडचण एक: कोणती ३१ ते मशीनने लिहून ठेवलं नाही. फक्त आकडा दाखवला होता. दोन: बॅकअपची फ्लॉपीसुद्धा शुद्ध आहे.
रामनाथ साहेबांना सांगितलं की व्होल्टेज वरखाली झाल्याची शक्यता आहे. त्यांनी विचारलं, व्होल्टेज फक्त कोळणींच्या नावांवरच झालं का? मी म्हटलं, अभ्यास करावा लागेल.

गुरुवार, २० नोव्हेंबर
रद्दीवाल्याकडे गेलो. माल पुढे गेला होता, मरोळ नाक्यावरच्या चणेवाल्याकडे. चणेवाल्याने पुड्या बांधल्या होत्या. त्याच्याशी हुज्जत घालून सहा पुड्या सोडवल्या. चार पुड्यांत फॉर्म, दोनांत कुणाचं तरी भूमितीचं वहीपान. चारपैकी तीन बायका यादीत आहेतच. चौथीवर तेल पडलंय.
चणे खाल्ले. दुपारभर दुसरं काही पोटात गेलं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
उपाय सोपा आहे. आईला विचारायचं. तिला अख्खा बाजार तोंडपाठ. पण विचारायला जायचं म्हणजे सांगावं लागेल की मीच केलं. त्यापेक्षा नलिनीला पाठवावं. नलिनीला सुचवलं. तिने आधी भांडी घासली. मग म्हणाली, मी मंगळवारपासून रोज तिकडेच जातेय. त्या जेवत नाहीत नीट. तुम्ही विचारलंत का एकदा तरी?
मी म्हटलं, मी याच कामात आहे ना!
भीती वाटते. हे फक्त इथे लिहितोय. चाळीस वर्षं ती त्या दारापाशी बसली, त्यावर माझी फी भरली, कोर्सचीसुद्धा. ती जागा गेली तर ती कुठे बसेल? रस्त्यावर?
उद्या नक्की जायचं. सकाळी आठला.

शनिवार, २२ नोव्हेंबर
गेलो नाही. पोट बिघडलं. चणे.
एक चांगली बाजू: उद्या सभेत रामनाथ साहेब आणि मी स्टेजवर आहोत. तिथे सगळं तांत्रिक भाषेत नीट समजावून सांगेन. मुद्दे काढलेत, नऊ.

रविवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
झालं ते जसंच्या तसं लिहितो.
नवं मार्केट, टाइल्स कोऱ्या. व्यापारी कडेला खुर्च्यांवर, सुलक्षणा वही घेऊन त्यांच्यामागे. बायका खाली. मी पहिला मुद्दा वाचला. दुसऱ्यावर आरडाओरडा झाला. मार्केटच्या साहेबांनी यादी पुकारायला घेतली. कृष्णाबाई धोंडिराम कोळी म्हटल्यावर दोघी उभ्या राहिल्या. एक आई, एक ती शेवटच्या रांगेतली. साहेबांनी विचारलं, यातली खरी कोण?
ती दुसरी रडायला लागली. तिला दोन लहान मुलं. आई तिला म्हणाली, ररू नको गं, नाव तुझाच हाय. मग साहेबांकडे वळली आणि माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, मी कोन ता त्या सायबाला इचारा. त्याला म्हाईत पायजे.
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रामनाथ साहेबांनी, सुलक्षणाने, त्या व्यापाऱ्यांनीसुद्धा.
मी यादीत बघितलं.
का बघितलं, मला माहीत नाही. हातात होती. पान उलटलं, बोट फिरवलं, कृष्णाबाईवर आलो आणि म्हणालो, एकच नोंद आहे.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगुणाबाई म्हणाल्या, अरे मेल्या, आयशीला वलखत नाय तू? आणि रामनाथ साहेबांसकट सगळ्या मार्केटला कळलं की ती माझी आई.
पुढचं अर्ध्या तासात झालं. सगुणाबाईंनी हुकूम दिला की सगळ्या जुन्या बाजारात बसतो तशा बसा. २१४ बायका जमिनीवर रांगा करून बसल्या, एकमेकींना सांगत, तू इकडे, तिच्या डाव्या हाताला मी. एकही जागा चुकली नाही, एकही बाई उरली नाही. सुलक्षणा वही घेऊन दारापासून निघाली, एक, दोन, तीन करत नंबर टाकत गेली. मार्केटच्या साहेबांना मान्य करावं लागलं. व्यापारी उठून गेले. रामनाथ साहेबांनी सुलक्षणाला विचारलं, सोमवारपासून ही यादी तूच बघशील का? ती म्हणाली, हो सर, पार्टिशन नको, उजेड अडतो.
ओटा नंबर एक आईचा. मी स्टेजवरून उतरून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. सुलक्षणा तिच्यासमोर उकिडवी बसून लिहीत होती. शेवटचा रकाना वारसाचा, बाईच्या मागे ओटा कुणाला.
आईने थोडा विचार केला आणि सांगितलं, नलिनी.
सुलक्षणाने विचारलं, पूर्ण नाव?
आई म्हणाली, नलिनी हरेश्वर कोळी.
सुलक्षणाने लिहिलं. मग मान वर करून मला विचारलं, बरोबर आहे ना सर?
मी हो म्हणालो.