कारपार्कातली व्हॅन

प्रिय शालू,

तू दूध गॅसवर विसरून गप्पा मारायला येणारी बाई, तेव्हा मी कोण ते आधी सांगते. मी इंदू. लेस्टरची, चौदा नंबरची, सव्वीस वर्षं तुझ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली. आठवलं का? मला लिहिता येत नाही हे तरी आठवत असेल. मी सांगतेय, सून लिहितेय. मेधाचं अक्षर सुंदर आहे, असं मेधाच म्हणते.

सोमवारी सरकारी दवाखान्याकडून बायकांच्या छातीच्या तपासणीचं पत्र आलं. गुरुवारी सकाळी तपासणीची व्हॅन त्या मोठ्या दुकानाच्या कारपार्कात उभी राहणार. मी म्हटलं, "ठेव देवांच्या फोटोमागे, बघू." म्हटलं आणि तूच आठवलीस. तीन वर्षांपूर्वी तुझं पत्र तू तिथेच ठेवलं होतंस ना? माझ्या तेव्हाच्या पत्रावर तर मी मेथी निवडली.

आपल्या गल्लीत काय कमी होतं गं? कोपऱ्यावर कोथिंबीर, समोर ब्लाउज शिवणारा, आणि मोडकं गुजराती आलं की कामं झाली. माझ्या ग्लासगोच्या नणंदेला पोटात दुखतंय एवढं सांगायला मुलाला शाळेतून बोलवावं लागायचं. आपला तर डॉक्टरही घरचा. नीलेश, भजनात झांजा वाजवणाऱ्या सरलाबेनचा मुलगा. गुडघे, शुगर, खोकला, सगळं त्याच्यापुढे आपल्या मोडक्या गुजरातीत ओतून मोकळं व्हायचं.

गाठ सोडून सगळं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुझ्या निऱ्या घालत होते. तू माझा हात धरून छातीवर ठेवलास. वाटाण्याएवढी होती. नीलेशला दाखव म्हटलं, तर म्हणालीस, "इंदू, त्याला मी पाळण्यात झोपवलाय. त्याच्यासमोर ब्लाउज काढू?"

मग म्हटलं, नर्सला दाखव. तर ती हंसाबेनची सून, संध्याकाळी भजनात सगळ्या तब्येत विचारतील. मोठ्या हॉस्पिटलात जा. तर तिथे बोलणार कोण, दुभाषी मागितला तर तोही आपल्याच गल्लीतला यायचा. आणि व्हॅनच्या पायऱ्या दुकानाच्या दारासमोर. प्रत्येकाला तुझ्याकडे उत्तर होतं. एरवी कुलपाची किल्ली कुठे ठेवली ते आठवायचं नाही.

शेवटी माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवून शपथ घातलीस, कुणाला सांगायचं नाही. आणि मी तो खाल्ला. आठ महिने तू हळदीचा लेप लावलास, आणि हळद मी उगाळून दिली.

तू गेलीस, त्या सुतकाच्या दिवसांत रजनीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "मावशी, आईने तुम्हाला तरी सांगितलं होतं का?" मी नाही म्हटलं. तुझ्या लेकीच्या तोंडावर, तुझ्याच ओट्यापाशी उभी राहून.

मेधाने आत्ता पेन खाली ठेवलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं. विचारतेय, "आई, हेही लिहू?" लिही म्हटलं.

तुझा राग येतो, शालू. सगळे आपले होते, म्हणून एकालाही सांगता येईना, हा कुठला न्याय? तुझ्यावर रागावते तेव्हा निम्मी माझ्यावरच रागावलेली असते, तेही लक्षात येतं.

काल भजनात सरलाबेनला माझ्या पत्राचं सांगितलं. तिने झांजा खाली ठेवल्या आणि म्हणाली, माझंही आलंय, गादीखाली आहे. डॉक्टरची आई, बघ. आता दोघी जाणार आहोत.

तुला शब्द देते. गुरुवारी दहा वाजता, दुकान भरलेलं असताना, मी त्या पायऱ्या चढेन. कुणी विचारलं कुठे, तर छाती दाखवायला म्हणून सांगेन, वर विचारणारीचीही तारीख विचारेन. रजनी नॉटिंगहॅमहून आम्हाला न्यायला येतेय. व्हॅनमध्ये पाय ठेवण्याआधी तिला तिळगुळाचं सांगेन. काहीही लपवणार नाही, हळदीचंसुद्धा.

ती चिडेल. महिनोन्‌महिने यायची नाही कदाचित, आणि तिचं बरोबरच असेल. तेवढं एक तू बघ. तिच्या मनात घाल, की स्वतः नाही आलीस तरी मावशीला डबा पाठव. चार दशम्या आणि तुझ्या पद्धतीची लसणाची चटणी. ढोकळा नको, त्याला इथे तोटा नाही. डबा भरून परत द्यायला मी स्वतः नॉटिंगहॅमची बस धरेन, तेव्हा झाकण घट्ट बसेल असाच डबा पाठवायला सांग.

तुझी,
चौदा नंबरची इंदू