स्वतःबद्दल चार ओळी

आबा,

आज दुपारपासून मी स्वतःबद्दल चार ओळी लिहायला बसले आहे आणि मला भीती वाटतेय. हल्ली नोकरी शोधायची तर इंटरनेटवर आपलं एक पान उघडावं लागतं. वर फोटो, खाली 'तुमच्याविषयी' असा रिकामा चौकोन. आपण कोण, आजवर काय करून दाखवलं, ते त्यात आपणच लिहायचं आणि साऱ्या जगानं वाचायचं. चौकातलं आमचं चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचं ऑफिस या महिनाअखेरीस बंद होतंय. बावीस वर्षं मी तिथला माल तपासून परदेशी पाठवला. दुसऱ्या एका कंपनीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, "सोमवार तक प्रोफाइल भेज दीजिए, उसके बाद हम किसी और को देख लेंगे." उद्या सोमवार. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं, आणि अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मला दुसरं कोण विचारणार आहे?

आधी मी काय केलं असेल? सेठजींनाच म्हटलं, माझ्याबद्दल तुम्हीच लिहून द्या. तुमच्या फौजेत तसंच असायचं ना, साहेबानं रिपोर्ट लिहायचा आणि आपण खाली सही करायची. सेठजी हसले, पण लिहून दिलं: मेहनती, ईमानदार, समय की पाबंद. मी ते जसंच्या तसं उतरवलं. तुमच्या नातीला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीच. तिनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मम्मी, ये तो किसी चौकीदार का भी हो सकता है. इसमें तुम कहाँ हो? वो ट्रक वाली बात लिखो ना, यार."

ट्रकची गोष्ट तुम्ही गेल्यानंतरची. चिकनच्या कापडावर आधी निळ्या रंगाचे ठसे मारतात, त्यावर बायका टाके घालतात आणि मग धोबी तो निळा रंग धुऊन काढतो. त्या वेळी सहाशे कुर्ते खोक्यांत भरून ट्रकवर चढले होते. मी उगाच एक खोकं उघडून ओला रुमाल फिरवला, तर रुमाल निळा. ट्रक थांबवला, सगळा माल परत धोब्याकडे धाडला. सेठजी गिऱ्हाइकाला फोनवर म्हणाले, "हमने पकड़ लिया, जी." मी शेजारी उभी राहून मान डोलावली. आता तेच 'मी थांबवला' असं लिहायचं तर बोट पुढे सरकत नाही. सेठजी वाचतील, म्हणतील, अच्छा, मैडम ने अकेले रोका? धोबी वाचेल, खोकी भरणाऱ्या बायका वाचतील. आणि तुम्ही वाचाल.

तेलीबागच्या घरातलं आपलं स्वयंपाकघर. छावणीत रेकॉर्डच्या खोलीला आग लागून आठवडा झालाय. ऑफिस धुरानं काळं पडलंय, म्हणून तुम्ही टाइपरायटर घरी आणलाय. आई भाकरी थापतेय. मी चौदा वर्षांची. साहेबांच्या हातचा मसुदा मी वाचते आणि तुम्ही टाइप करता. विधवांच्या पेन्शनचे कागद ज्यांनी आगीतून बाहेर काढले, त्यांना शाबासकी द्यावी अशी शिफारस आहे. दोन शिपायांची नावं होतात. तिसरं नाव तुमचं, ते मी जरा मोठ्यानंच वाचते. मशीन थांबतं. ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा वाचते. "पुढचं वाच," तुम्ही म्हणता. आई म्हणते, "अहो, साहेबांनी स्वतः लिहिलंय की." तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणता, "आणि मी माझ्या हातानं टाइप करू? लोक म्हणतील, हेडक्लार्कनं स्वतःचं नाव घुसवलं." तुमच्या मनगटावर तेव्हा भाजल्याची पट्टी होती. साहेबांनी बाकीच्या गठ्ठ्याबरोबर तुमचं नाव गाळलेल्या त्या कागदावरही न बघता सही केली. परेडला दोघांना शाबासकी मिळाली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी ही गोष्ट कितीतरी वर्षं अभिमानानं सांगत असे.

मग तुमच्या रिटायरमेंटनंतरची ती सकाळ. एका खाजगी शाळेच्या ऑफिसात जागा होती, मी सोबत आले होते. दार अर्धं उघडं होतं. आत तुमच्या निम्म्या वयाचा कुणीतरी म्हणाला, "अपने बारे में कुछ बताइए." फाइलची पानं चाळल्याचं ऐकू आलं. मग तुमचा आवाज आला, "सर, सर्विस बुक में सब लिखा है." बाहेर आलात तेव्हा एका हातानं फाइल छातीशी घट्ट धरली होती. आगीत घातलेला हात, आबा! रिक्षात म्हणालात, "जमलं नाही गं." घरी आईला सांगितलंत, जागा आधीच भरली होती. मी जिला साधेपणा समजत आले ती भीती होती, हे मला त्या दिवशी कळलं आणि मला तुमचा फार राग आला. तुमचं नाक मला मिळालं ते एक वेळ ठीक, पण ही भीतीही माझ्याच वाट्याला यावी?

एक सांगायचं राहून गेलं. टाइप करून झाल्यावर तुम्ही साहेबांचा तो मसुदा चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलात. तो मी गुपचूप काढून घेतला होता. साहेबांच्या तिरप्या अक्षरातलं तुमचं नाव अजून स्पष्ट वाचता येतं. आज तो कागद समोर ठेवून मी लिहिलं: माल निघाला होता, रुमाल निळा झाला, म्हणून मी ट्रक थांबवला. लेकीनं दोनदा वाचलं. "हाँ, अब ये तुम हो. दबाओ," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

हे पत्र त्या मसुद्यासोबत प्लास्टिकच्या फाइलमध्ये जाईल. पाठवायचं बटण मी दाबलं, आबा. पण त्याआधी उठून खोलीच्या दाराला आतून कडी घातली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी मला वाटत होतं की तुम्ही आत याल आणि म्हणाल, पुढचं वाच.