रुखसानाच्या नानांचा मजकूर

२८ जून
शाळा सुरू. संगणक खोली उघडली. चपला बाहेर, आत उदबत्ती, हेडसरांचा नियम. आणि पडद्यावर काय? 'मुदत संपली. नूतनीकरण करा.' गेल्या वर्षी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामची कंपनी हारनारळ घेऊन आली होती. वर्षभर फुकट म्हणाली. पुढचं कोणी विचारलंच नाही. मुलांनी वर्षभर टाइप केलेलं सगळं आत अडकलं.

२९ जून
सातवीतली रुखसाना दारातच. "मॅडम, नानाचं उघडलं का?" तिचे नाना, म्हणजे आईचे वडील, पिंजारी. हिवाळ्यात इथे येऊन, खुर्चीवर अवघडून बसून, देशी कापूस कसा पिंजायचे ते सांगितलं. ही शेजारी बसून टाइप करत होती. उन्हाळ्यात नाना वारले. म्हटलं, उघडेल. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

२ जुलै
हेडसरांना सांगितलं, दुसरा प्रोग्राम आहे, ओपन सोर्स म्हणतात. पैसे नाहीत, मुदत नाही, कितीही मशीनवर टाका.
"फुकटचं काही खरं नसते मॅडम. तपासणीले आलेल्या साहेबानं बिल मागतलं तं काय दाखवू?"
कंपनीचं फुकट चाललं तेव्हा? डोकं फिरलं अगदी.
घरी हे पेरणीच्या घाईत, हातात बीटी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट. "काऊन तापून राह्यली? बियाणं नाही का आपण दरसाल नवं घेत?" सासूबाई चुलीपासून, "माह्या सासऱ्यानं जनमभर घरचीच सरकी पेरली." हे पाकीट घेऊन ओसरीवर गेले. मला जेवण गेलं नाही.

६ जुलै
हेडसर रजेवर. भाच्याने दिलेली त्या दुसऱ्या प्रोग्रामची सीडी एका मशीनवर टाकलीच. चालली! रुखसानाला वर्गातून बोलावलं. फाइल उघडली, आणि आत चौकोन, प्रश्नचिन्हं, इंग्रजी अक्षरांची खिचडी. कंपनीचा फाँट कंपनीच्याच प्रोग्रामात दिसतो म्हणे. बोलणारे नाना आमचे, मराठी आमची, आणि किल्ली कंपनीच्या खिशात! रडूच आलं रागाने.
आठवतं तेवढं सांग, म्हटलं. ती म्हणाली, "लिहून ठेवलं होतं ना मॅडम. म्हणून ध्यानात नाही ठेवलं."

१० जुलै
हेडसर आले. ओरडतील वाटलं होतं. पडद्यावरची खिचडी पाहिली आणि स्वतःच कंपनीला फोन लावला. एका दिवसापुरतं उघडा म्हणाले. तिकडून, वर्षाचंच घ्यावं लागेल. फोन ठेवून म्हणतात, "घेऊनच टाकू मॅडम. बिल तरी येईल." कपाळ माझं!
पण या वेळी, रुखसानासाठी, मी विरोध केला नाही. खर्चाचं ग्रामशिक्षण समितीपुढे ठेवू म्हणाले. बैठक कधी, पत्ता नाही. पेरण्या उरकल्याशिवाय कोण येतंय.

१३ जुलै
मधल्या सुट्टीत रुखसाना त्याच मशीनपुढे बसलेली. त्या खिचडीत मधेच एक ओळ रिकामी सुटली आहे. तिथे बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथं नाना सांगता सांगता थांबून पाणी प्याले होते."