इलेक्शन संपलं की

१८ एप्रिल १९८०, शुक्रवार
चर्चमधून, मिस्सावरून आले. आज ठरवलं: रेडिओ बंद.
दुखवट्याच्या घरात वर्षभर रेडिओ लावत नाहीत. आमच्या वसईला तर त्याच्यावर कापड टाकून ठेवतात. मी मार्चपासून लावते आहे तो फक्त बातम्यांसाठी. गाणं आलं की आवाज पार बारीक करते. बातम्या म्हणजे काही करमणूक नव्हे. त्यात अमेरिकेच्या इलेक्शनच्या बातम्या. ती तर शिक्षा आहे.
नाद ह्यांचा होता. जानेवारीपासून रोज ड्युटीवरून आले की बूट न काढता रेडिओसमोर. कुठल्या राज्यात कोण पुढे, कोण मागे. मी विचारायचे, तुमचं मत आहे का तिथे? तर म्हणायचे, मत नाही म्हणून तर मजा आहे मार्सेलिना! नोव्हेंबरात बघ, आत्ताचा अध्यक्ष, तो शेंगदाणेवालाच येतो परत. समोरचा सिनेमात कामं केलेला, सिनेमावाला आहे, त्याला कोण मत देणार?
मार्चमध्ये इथे बहारीनलाच, सलमाबादला कंपनीच्या स्टोअरमध्ये ड्युटीवर छातीत कळ आली आणि हे गेले. शेंगदाणेवाला आहे अजून.
तर, उद्यापासून बंद.

२३ एप्रिल, बुधवार
बंद ठेवला होता. खरंच. पण आज पेनसिल्व्हेनियाचा निकाल, पक्षाचा उमेदवार कोण ते ठरवायचा. तिथे शेंगदाणेवाला जिंकणार असं ह्यांनी सांगून ठेवलं होतं. ते खरं होतं का, एवढंच पाहिलं.
हरला. स्वतःच्याच पक्षातल्या माणसाने पाडला. मी रेडिओला म्हटलं, एका राज्याने काय होतं?
रेडिओशी बोलायची सवय ह्यांची. मला नाही.

२ मे, शुक्रवार
कार्मेल आणि जावई जॉन जेवायला आले होते. सुरमई केली. कार्मेलचा पुन्हा तोच विषय. नईम भागातल्या ह्या दोन खोल्या सोड, आमच्याकडे ये, एकटी कशी राहतेस. मी म्हटलं, एकटी कुठे, हॉस्पिटलात शिवणखात्यात दिवस जातो, संध्याकाळी वाचन असतं. ती म्हणाली, आणि खुर्ची का हलवत नाहीस पप्पांची? ती रेडिओला चिकटून ठेवलीय, जायला वाट नाही.
खुर्ची हलवली की एरियल हलतं. हे मी तिला समजावून सांगितलं. मग ती म्हणाली, ममा, व्हेन विल यू कम? माझ्या तोंडातून निघून गेलं, इलेक्शन संपलं की येते.
जॉन हसायला लागला. कुठलं इलेक्शन ममा? वसईच्या ग्रामपंचायतीचं? कार्मेल ओरडली, दॅट्स नोव्हेंबर! मी म्हटलं, हो ना, म्हणजे आलंच.
बरं झालं. तारीख ठरली. माणसाने तारीख ठरवली की निम्मं काम होतं.

४ जून, बुधवार
काल तिथे एकाच दिवशी आठ राज्यांत मतं पडली. आता उमेदवार जवळजवळ ठरले म्हणतात. मग आजपर्यंत चाललं होतं ते काय? आणि ठरलेले उमेदवार पुन्हा एकदा ठरवायला जुलै-ऑगस्टात मोठ्या सभा घेणार. तिथून पुढे खरा प्रचार.
आपल्याकडे जानेवारीत दोन दिवस मतदान झालं, अख्ख्या देशाचं सरकार बदललं, खलास. भाषणं काय ती थंडीच्या आत संपली. ह्या लोकांना घरी कामं नाहीत का?
नसीमा माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. आज म्हणाली, मार्सेलिना बहन, आपका इलेक्शन कहाँ तक आया? मी सांगायला लागले तर चहाची सुट्टी संपली. म्हणाली, आप तो खड़ी हो जाओ, मैं वोट दूँगी.
उद्यापासून मी कामावर हा विषय काढणार नाही.

१८ जुलै, शुक्रवार
उकाडा. सिनेमावाल्याची सभा. टाळ्या इतका वेळ चालल्या की माझी गवार निवडून झाली. मध्ये बँड वाजला. आवाज बारीक करायला हात नेला, पण टाळ्या आणि बँड एकत्रच. बँडला गाणं म्हणायचं का? फादरना विचारावं असं वाटलं.
विचारलं नाही. ते हो म्हणाले असते तर काय?

८ ऑगस्ट, शुक्रवार
जुफैरला मिसेस डोनाकडे पडद्यांचं माप घ्यायला गेले. तिचा नवरा अमेरिकेच्या नेव्हीत आहे. तिच्याकडे शिवण घेते त्याला दोन वर्षं झाली. मनात म्हटलं, चला, खरा मतदार भेटला. विचारलं, मॅडम, हू विल विन?
तिने दोन्ही कानांवर उशी धरली. खरंच धरली, सोफ्यावरची. म्हणाली, मी बहारीनला आले तेव्हा वाटलं सुटले. तर आई तिकडून पोस्टाने कात्रणं पाठवते. वर्ष उलटून गेलं, तिकडे आईच्या घरी फोन वाजला की कोणीतरी मत मागतो, दाराला चिठ्ठ्या, टीव्हीवर एकमेकांची उणीदुणी. मला आता दोघांची तोंडं बघवत नाहीत. मत देणार नाही.
मी घरी येईपर्यंत अस्वस्थ होते. जिला मत आहे ती कानावर उशी धरते. मला मत नाही आणि मी रोज ऐकते. अर्थात मला आवड म्हणून नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
समोरच्या समुद्रापलीकडे इराक-इराणची लढाई लागली. बाजारात लोक तांदूळ-पीठ जास्त घेऊन ठेवताहेत. जॉन येऊन दोन पोती टाकून गेला.
रेडिओवर काय? तर ह्या लढाईने कोणाची मतं वाढतील. मी ऐकत बसले की आता तरी माणसं किती मेली ते सांगतील. ते नंतर सांगितलं, थोडक्यात.
मिसेस डोनाचा नवरा जहाजावर गेलाय. कुठे ते तिलाही सांगत नाहीत. पडदे द्यायला गेले तर म्हणाली, ऐकलंस? माझ्या माणसाच्या जिवावरसुद्धा मतं मोजताहेत. तिच्याकडे अमेरिकेहून पोस्टाने मतपत्रिकेचा लिफाफा आला होता. तो तिने संत्र्यांच्या टोपलीखाली सारला.
आज पहिल्यांदा रेडिओ मनापासून बंद केला.
संध्याकाळी पुन्हा लावला. घर फारच गप्प होतं. म्हणजे लढाईची बातमी कळायला हवी म्हणून.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
निश्चय: मिसेस डोनाला मत द्यायला लावायचंच. शेंगदाणेवाल्याला. ह्यांचा शब्द खोटा पडता कामा नये, आणि तिथे आपल्या ओळखीचं एवढंच एक मत आहे.
इंग्रजी भाषण तयार केलं. ह्यांच्या पेपरातून मी इंग्रजी शिकले, आधी जाहिराती, मग बातम्या. वाचता येतं, बोलताना शब्द मागे राहतात. खुर्चीसमोर उभं राहून दोनदा म्हटलं. चांगलं झालं.
घरमालकाला जॉनने कळवलंय. सात नोव्हेंबरला खोल्या सोडायच्या. मीच सांगितलं होतं कळव म्हणून. हरकत नाही. तोवर सगळं उरकेल.

२९ ऑक्टोबर, बुधवार, पहाटे
दोघांचा समोरासमोर वाद झाला तो इथल्या पहाटे लागला. शेंगदाणेवाल्याचा आवाज थकलेला वाटला. ह्यांचा आवाज फेब्रुवारीत असाच यायचा. झोप कमी झाली असेल त्याची. बाकी काही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अमेरिकन मुलं एक दिवस भुतंखेतं बनतात. मिसेस डोनाच्या मुलाला भोपळा व्हायचं होतं. तो शिवलेला भोपळा घेऊन गेले. भाषण पर्समध्ये होतं.
भाषण झालंच नाही. मी व्होट एवढं म्हणताच ती म्हणाली, मार्सेलिना, मला एक माणूस दाखव जो माझ्याकडे काही मागत नाही आणि स्वतःची बढाई मारत नाही. देते त्याला मत.
मी म्हटलं, देअर इज वन मॅन इन माय हाउस.
वॉज म्हणायला हवं होतं. माझं इंग्रजी भूतकाळात कच्चं आहे.
तिला मार्चचं ठाऊक होतं. ती उठून संत्र्यांपाशी गेली. मग टोपलीखालून लिफाफा काढला. संत्र्याचा डाग पडला होता. म्हणाली, आमच्या मतपत्रिकेवर एक रिकामी ओळ असते. छापलेलं कोणी पसंत नसेल तर आपण नाव लिहायचं. सांग नाव.
मी म्हटलं, कार्मेलचे पप्पा.
ती म्हणाली, खरं नाव.
लग्न झाल्यापासून मी ह्यांना नावाने हाक मारली नव्हती. आमच्यात मारत नाहीत. हॉस्पिटलात, कबरस्तानात, कागदावर लिहून दिलं होतं, नाहीतर कार्मेलने सांगितलं. आज तोंडाने सांगितलं. लान्सी तुस्कानो.
चूल पेटवताना तोंडात धूर जातो तसं काहीतरी झालं. पाणी मागून प्यायले.
तिने लिहिलं. मला दाखवलं. अक्षर बरं आहे. लिफाफा चिकटवला, उद्याच्या टपालाने जाईल म्हणाली.
शेंगदाणेवाल्याचं एक मत गेलं. त्याला चालेल. ह्यांनी त्याच्यासाठी पुष्कळ केलंय.

२ नोव्हेंबर, रविवार
मृतांचा दिवस. कबरीवर गेले. मेणबत्ती वाऱ्याने राहत नव्हती, पदराचा आडोसा धरला. मी रडले नाही. इथे वाळू उडते.
ह्यांना सांगितलं, तुम्ही उभे आहात. निकाल लागला की येऊन सांगते.
तीन दिवसांची रजा मंजूर झाली. नसीमाने विचारलं, शादी है क्या? मी म्हटलं, काउंटिंग. आपल्याकडे मोजणी चालते दोन-दोन, तीन-तीन दिवस. एवढा मोठा देश, एवढा प्रचार, तिथे आठवडासुद्धा लागेल. आठवडा लागला तर कार्मेलला सांगावं लागेल की सात तारीख जमत नाही. त्याला माझा इलाज नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आज तिथे मतदान. सामान बांधलं. रेडिओ आणि खुर्ची सोडून. फ्लास्क धुऊन ठेवला, बटाटेवडे, पाव, नवीन बॅटऱ्या. तीन दिवस हलायचं नाही. सकाळी सहाचा गजर. लवकर उठून काय करायचं, मोजणी नुकती कुठे सुरू झाली असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी साडेसहा
संपलं.
मी रेडिओ लावला तेव्हा शेंगदाणेवाल्याने हार मानूनसुद्धा झाली होती. चहा अजून ओतला नव्हता. वर्षभर बोलत होते आणि माझ्या चहाच्या आत खलास. सिनेमावाला आला.
सगळी मतं मोजली का, ते कोणी सांगत नाही. मोजायच्या आधीच हार मानली म्हणतात. अशी कशी मानतात? अजून पोस्टाची यायची असतील. लांबून येणारी.
वडे तीन दिवसांचे आहेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज कबरीवर जायचं होतं. गेले नाही. वाऱ्याचं कारण होतं.
उद्या जाता जाता जाऊ. ह्यांना कसं सांगायचं ते ठरवते आहे. सिनेमावाला आला, हे ऐकून त्यांना फार लागेल.
रेडिओवर गाणी. चार वर्षांनी कोण उभं राहील ते मध्येच एकाने काढलं. मी मोठ्या आशेने जवळ गेले, पण त्याने दोन वाक्यांत आटोपलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
खोल्या सोडल्या. जॉनच्या गाडीत सगळं बसलं, खुर्ची बसली नाही. जॉन म्हणाला, ममा, नंतर टेम्पो घेऊन येतो. किल्ली दिल्यावर नंतर कसलं, पण तो बिचारा म्हणाला. रेडिओ मी मांडीवर घेतला. खुर्ची नसली तरी एरियल हललं नाही, हे खरं.
वाटेत कबरस्तानापाशी गाडी थांबवायला सांगितली. कार्मेल माझ्याबरोबर आत आली. क्रॉसवर नाव आहे, तिथे उभी राहिले. रात्री सगळं पाठ केलं होतं: तुमचा माणूस हरला, त्यात वाईट वाटून घेऊ नका, खोल्या सोडल्या, आता मी कार्मेलकडे असेन.
त्यातलं पहिलंच वाक्य निघेना.
मी म्हटलं, मोजणी चालू आहे हो.
कार्मेलने ऐकलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, ममा, इट्स ओव्हर. आणि तीच रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत.
मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, रडू नको ग. पोस्टातलं एक मत अजून पोचायचं आहे.